काही ठिकाणी

आमचे शेजारी दामलेभाऊजी वेधशाळेत नोकरीला होते, आणि सरळ उत्तर देणं त्यांना जन्मात जमलं नाही. चौमूं गावाहून येणारा दूधवाला रोज सकाळी दारात विचारायचा, "बाबूजी, आज आंधी आयेगी क्या?" भाऊजी चष्मा पुसत सांगत, "कुछ स्थानों पर संभावना है." "हां कि ना, बाबूजी?" यावर भाऊजी तेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश म्हणत. दूधवाला माझ्याकडे बघे आणि मी कपाळाला हात लावी.

घरीदारी हीच भाषा. जेवायला बोलावून आमटी कशी झालीय विचारावं, तर "मीठ सरासरीपेक्षा किंचित कमी." आमच्या मुलाला ताप आला, तर "तापमानात लक्षणीय वाढ." माझे यजमान पोट धरून हसायचे. मला मात्र तिडीक यायची. बदली होऊन जयपुरात आलेली आम्ही मूठभर मराठी माणसं. चार शब्द घरच्यासारखे कानावर पडावेत म्हणून तर एकमेकांकडे जायचं, आणि हे गृहस्थ रेडिओवरच्या बातम्या सांगितल्यासारखे बोलणार.

एकदा मी भांडलेच. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, 'तुरळक ठिकाणी' आणि 'काही ठिकाणी' यांत आमच्याकडे फरक आहे. अंदाज चुकला तरी चालतो, शब्द चुकता कामा नये." अशा माणसाशी भांडून तरी काय मिळणार होतं?

माझ्या नणंदेचं लग्न ऐन ज्येष्ठात ठरलं. राजा पार्क वस्तीतल्या आमच्या घराची गच्ची चांगली ऐसपैस होती, संध्याकाळची पंगत तिथेच मांडायची होती. पण त्या दिवसांत आंधी कधी उठेल आणि पानात धूळ वाढून जाईल, याचा नेम नसे. आदल्या दिवशी मी भाऊजींना गाठलं.

"वादळ येईल का, एवढंच सांगा."

"काही ठिकाणी धुळीचं वादळ संभवतं."

"त्या काही ठिकाणांत आमची गच्ची आहे का?"

"गच्ची हे आमच्या व्याख्येत ठिकाण होत नाही, वहिनी."

मी धसका घेऊन पंगत खालच्या खोल्यांत घेतली. मंडळी घामाने निथळली, वरमाई पदराने वारा घेत अर्ध्या पानावरून उठल्या, आणि वर गच्चीवर हवा अगदी स्वच्छ होती. वादळ गेलं आमेरला. दुसऱ्या दिवशी भाऊजी खुशीत म्हणतात, "आलं की नाही काही ठिकाणी?" त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्यांच्या बायकोला, सुमतीताईंना, या सगळ्याचं हसू यायचं. "मला विचारायचंस गं," त्या म्हणाल्या. "हे 'काही ठिकाणी' म्हणाले की खुशाल समजावं, आपल्या गच्चीवर नाही."

पुढे काही वर्षांनी सुमतीताईच आजारी पडल्या. आधी बारीकसा ताप, मग अन्न जाईना, मग इस्पितळ. एका दुपारी डॉक्टरांना भेटून भाऊजी व्हरांड्यात आले. मी धावत गेले. "काय म्हणाले?"

"प्रकृतीत विशेष बदल संभवत नाही. काही अंशी..."

माझा संताप अनावर झाला. "भाऊजी, निदान आज तरी माणसासारखं बोला."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. मग म्हणाले, "ती वाचत नाही, वहिनी."

इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर, आणि ते मला नको होतं. त्या घटकेला त्यांचं ते मेलं 'संभवतं' कुणी परत दिलं असतं, तर मी हात जोडून घेतलं असतं.

"आत तुम्ही जा," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "ती विचारेल. मला जमायचं नाही."

सुमतीताई जाग्याच होत्या. "काय म्हणाले गं डॉक्टर?"

खरं सांगवेना, आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघून खोटंही बोलवेना.

"काही ठिकाणी सुधारणा संभवते," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पडल्यापडल्याच हसल्या आणि त्यांनीच माझा हात थोपटला.

"म्हणजे आपल्या गच्चीवर नाही," त्या म्हणाल्या.