शेजारच्या पेशी का गप्प होत्या?

"मॅडम, रिपोर्ट आज मिळाला तर बरं होईल. पेशंटच्या मुलाला मी उद्या बोलावलंय."

फोनवर डॉ. माने होते. मूत्रविकारांचे सर्जन. आठवड्यातून दोन दिवस सोलापूरहून धाराशिवला येतात, पेशंट बघतात, बायोप्सी काढतात आणि तुकडे माझ्या लॅबला पाठवतात.

"मुलाला काय सांगणार आहात?"

"तुम्ही लिहाल ते. पण लक्षण बरं नाही. प्रोस्टेट दगडासारखं लागतंय आणि पीएसए फक्त दीड. जो कॅन्सर पीएसएच बनवत नाही तो कसला असतो, तुम्हाला ठाऊक आहे. नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. वर्ष निघालं तर निघालं. वय अडुसष्ट. केमोचा विषय काढीन, नाहीतर घरीच सांभाळा म्हणेन."

मी चार दिवस मागितले.

"चार दिवस कशाला?"

"मला पटत नाहीये."

"काय पटत नाहीये?"

"ते कळलं असतं तर चार दिवस कशाला मागितले असते?"

मी पॅथॉलॉजिस्ट. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि कॅन्सर आहे का, असला तर किती दांडगा, ते लिहायचं. सव्वीस वर्षं हेच करतेय. या धंद्यानं माणूस संशयी होतो. माझा नवरा म्हणतो, तू दूधवाल्याकडं बघतेस तेव्हा त्या बिचाऱ्याला आपण खरंच पाणी घातलंय असं वाटायला लागतं.

आता हे पीएसए काय ते सांगते. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या पेशी पीएसए नावाचं प्रथिन बनवतात, त्यातलं थोडं रक्तात उतरतं. कॅन्सर झाला की सहसा जास्त उतरतं, म्हणून रक्तात ते मोजतात. पेशंटचा आकडा दीड होता, म्हणजे तसा निरोगी माणसाचा. पण डॉ. मान्यांच्या बोटाला गाठ लागली होती, म्हणून त्यांनी आकड्यावर विसंबून न राहता सुईनं बारा तुकडे काढले. त्यासाठी त्यांना मानलं पाहिजे.

स्लाइडवर कॅन्सर होताच. पेशी एकेकट्या विखुरलेल्या, कुठंही ग्रंथीचा गोल आकार नाही. पुस्तक उघडून बसलं तर दहापैकी दहा स्कोअर द्यावा असं चित्र. दहा म्हणजे सगळ्यात वाईट. पण दहावाल्या पेशी कशा दिसतात ते मी पाहिलंय. केंद्रकं मोठी, भडक, जिकडंतिकडं पेशी दुभंगताना दिसतात. इथं एकही दुभंगत नव्हती. केंद्रकं बारकी, काळी, आक्रसलेली. भोवतीचा भाग फेसासारखा पोकळ. दांडगाई करणाऱ्या पेशी म्हणाव्यात तर अंगात जीव नव्हता.

पहिला संशय मला माझ्याच माणसावर आला. शब्बीरभाई माझे टेक्निशियन, वीस वर्षं माझ्याकडं आहेत. त्या दिवशी प्रोस्टेटचे दोन नमुने आले होते. एक या पेशंटचा, एक दुसऱ्या कुणाचा. दोघांची अदलाबदल झाली असली तर? मी त्यांना आत बोलावलं आणि सरळ विचारलं. जरा जास्तच सरळ.

त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, वीस वर्षांत एक तरी डबी इकडची तिकडं झाली का?"

"झाली नाही म्हणून होणारच नाही असं नाही."

"दोन प्रोस्टेट आले तर म्या कधीच एकामागं एक घेत न्हाय. मधी दुसरं काहीतरी घालतो. त्या दिवशी मधी अपेंडिक्स घातलं होतं. एकाला काळी शाई लावली, दुसऱ्याला निळी. रजिस्टर बघा, नळी बघा, ब्लॉक बघा. सगळं बघा."

सगळं बघितलं. जिथल्या तिथं होतं. मी "चुकलं माझं" म्हणाले. ते "चलता है मॅडम" म्हणाले, पण त्या दिवशी दुपारचा चहा आपल्या टेबलावर एकट्यानंच प्यायले. मला वाईट वाटलं, तरी तोच प्रश्न मी पुन्हा विचारला असता.

मग ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, सोलापूरच्या एका मोठ्या लॅबला पाठवला. तिथं खास रंग असतो. पेशीत पीएसए असलं की ती तपकिरी होते, नसलं की निळसर राहते. स्लाइड परत आली. कॅन्सरच्या पेशी जवळजवळ कोऱ्या. म्हणजे डॉ. माने म्हणत होते तेच. रंग बिघडला असेल का, हा पुढचा संशय. पण त्याच स्लाइडच्या टोकाला त्या लॅबनं आपला तपासणीचा तुकडा लावलेला असतो, तो छान तपकिरी झाला होता. रंग चोख होता.

रिपोर्ट टाइप करायला घेतला. दोन ओळी लिहिल्याही. मग काय वाटलं कोण जाणे, उठले आणि स्लाइड पुन्हा लावली. या वेळी कॅन्सरकडं बघायचंच नाही असं ठरवलं. फक्त शेजारी बघायचे.

कॅन्सरच्या आजूबाजूला काही निरोगी ग्रंथी उरलेल्या असतात. त्यांचा या भानगडीशी संबंध नसतो. त्या भरलेल्या, टवटवीत असायला हव्यात आणि पीएसएच्या रंगात गडद तपकिरी व्हायला हव्यात. या माणसाच्या निरोगी ग्रंथीही सुकल्या होत्या. फिकट पडल्या होत्या. कॅन्सर वाईट असेल, पण शेजारच्या निरोगी पेशींनी पीएसए बनवणं का सोडावं?

याला एकच उत्तर होतं. पेशीत जनुकं सगळी असतात, पण सगळी चालू नसतात. प्रोस्टेटमधलं पीएसएचं जनुक चालू राहायला पुरुषी हॉर्मोन लागतं. ते पेशीतल्या रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टर केंद्रकात जातो आणि ठरावीक जनुकं चालू करतो. हॉर्मोन तोडलं किंवा रिसेप्टर अडवला की ती जनुकं थंडावतात. विहिरीत पाणी आहे, मोटार आहे, पण लाइट नाही, तसं. पीएसए थांबतं. पेशी आक्रसतात, ग्रंथी मोडतात, आणि साधा कॅन्सरही मायक्रोस्कोपखाली दहापैकी दहा दिसायला लागतो. अशा तुकड्याला स्कोअर द्यायचाच नसतो, कारण तो आजाराचा नसून औषधाचा असतो.

म्हणजे या माणसाला कुणीतरी हॉर्मोन अडवणारं औषध देत होतं. फॉर्मवर मात्र 'प्रोस्टेटसाठी आधीची औषधं' या रकान्यात आडवी रेघ.

डॉ. मान्यांना फोन लावला. "तुम्ही बायोप्सीच्या आधी हॉर्मोन तोडणारं इंजेक्शन तर दिलं नाहीत?"

"मॅडम, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"आज सगळ्यांवर घेतेय. तुमचा नंबर तिसरा."

ते हसले नाहीत. "मी दिलेलं नाही. पेशंटला स्वतः विचारलंय. फक्त बीपीची गोळी आहे."

दुसऱ्या दिवशी मी पेशंटच्या मुलाला लॅबवर बोलावून घेतलं. श्रीधर नाव, एका सरकारी ऑफिसात क्लार्क. वडील वामन गुरुजी. धाराशिवातच राहतात, गावात पूजा सांगतात. मी औषधांचं विचारलं. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, बीपीची एक गोळी, बाकी काही नाही. काढे, जडीबुटी, कुणा बाबाची पुडी? नाही. एवढं ठामपणे माणूस नाही म्हणाला की माझा संशय वाढतो.

"तब्येतीत दुसरा काही फरक?"

"थकलेत. पूजाही सोडल्यासारखीच आहे. श्रावणात अभिषेकाला बोलवायला माणसं आली, तर नाही म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कधी बसलेच तर सोवळ्यावर वरून बनियन घालतात. लोक नावं ठेवायला लागलेत, मॅडम. गुरुजीच सोवळं मोडतात म्हणून."

पूजेला बसताना खाली सोवळं आणि वर फार तर उपरणं, शिवलेलं कापड अंगात घालायचं नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. ज्यानं चाळीस वर्षं ते पाळलं त्यानं बनियन का घालावं? मी म्हणाले, "गुरुजींना घेऊन या. आजच."

आम्ही पॅथॉलॉजिस्ट माणसं बघत नाही, तुकडे बघतो. त्यामुळं गुरुजी समोर बसले तेव्हा अवघडले मीच. सदऱ्यावर उपरणं दोनदा गुंडाळलेलं. मी श्रीधरला बाहेर थांबायला सांगितलं.

"गुरुजी, छाती दुखते का? कापड घासलं तरी?"

त्यांनी उपरणं छातीशी आणखी आवळलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. किती महिने झाले?"

"तीन." मान खाली घालून म्हणाले, "बाईमाणसासारखं झालंय हो. उघड्या अंगानं बसू कसा चारचौघांत? यजमानाच्या सुना, पोरी समोर असतात. म्हटलं, कसलं पाप फेडायचं राहिलं होतं." आणि उपरण्याच्या टोकानं डोळे टिपले. इतके दिवस मी त्यांच्या पेशींवर संशय घेत होते आणि हा माणूस स्वतःच्या अंगाला लाजून घरात बसला होता.

"पाप नाही, औषध आहे. लघवीसाठी कुठली गोळी घेता?"

"ती होय? ती माझी नाही. अण्णाची आहे."

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, नळदुर्गला राहतात. त्यांना दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही, 'लघवीचा त्रास' म्हणतात. त्यांच्या डॉक्टरांनी आधी ही गोळी दिली, पुढं ती बंद करून तीन महिन्यांनी एक असं इंजेक्शन सुरू केलं. गोळ्यांच्या पट्ट्या उरल्या. गुरुजींनाही रात्री लघवीला उठबस करावी लागतेय हे कळल्यावर वहिनींनी त्या उचलून दिराच्या पिशवीत घातल्या. यांचा आकडा या गोळीनं सरकन खाली आला, तुम्हीही घ्या म्हणून. पट्ट्या संपल्यावर अण्णांची जुनी चिठ्ठी होतीच. आडनाव एकच, मेडिकलवाल्यानं विचारलं नाही. असे पाच महिने. गुरुजींनी पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. हॉर्मोनचा रिसेप्टर अडवणारीच गोळी. तिनं काही पुरुषांची छाती वाढते आणि दुखते.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं, तुम्हाला कुठली औषधं चालू आहेत. मला बीपीचीच आहे. ही अण्णाला दिलेली. दुसऱ्याचं औषध आपलं म्हणून कसं सांगायचं?"

पूजेत दुसऱ्याच्या नावानं संकल्प सोडणारा माणूस. पुण्य यजमानाचं, गुरुजी फक्त हात. त्यांचा हिशोब त्यांच्या परीनं सरळ होता. आम्ही शिकलेले लोक तो ऐकायला कमी पडलो.

मी रिपोर्ट लिहिला. कॅन्सर आहे. पेशींवर हॉर्मोन अडवल्याचा परिणाम आहे, त्यामुळं स्कोअर देता येत नाही. आताचा पीएसए विश्वासार्ह नाही. डॉ. माने फोनवर म्हणाले, "मॅडम, मी त्यांच्या मुलाला वर्ष सांगणार होतो."

सोलापूरला एमआरआय आणि हाडांचा स्कॅन झाला. आजार प्रोस्टेटच्या बाहेर गेलेला नव्हता. बरा होण्यासारखा होता. रेडिएशन ठरलं, आणि त्याच्या जोडीला डॉक्टरांनी काही महिने हॉर्मोन अडवणारं औषध लिहिलं. या वेळी गुरुजींच्या स्वतःच्या नावानं, छातीची काळजी घेऊन.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले, की तुकडा खोटं बोलत नाही असं आम्हाला कॉलेजात सांगत, ते अर्धंच खरं आहे. तुकड्याला जे बोलायला लावलं जातं ते तो बोलतो. कोण बोलायला लावतंय ते शोधायला माणसाला समोर बसवावं लागतं.

आठवड्यानं नळदुर्गहून वहिनींचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, माझ्यामुळं झालं का हो सगळं? भावजींना मीच गोळ्या दिल्या."

खरं उत्तर दोन भागांचं होतं. त्या गोळीनं आजार लपवला आणि गुरुजी बरं होण्याच्या वाटेवरून जवळजवळ हटले, हा एक भाग. त्याच गोळीनं पाच महिने आजार बहुधा थोपवूनही धरला, हा दुसरा. तो ऐकून म्हातारीला केवढं हलकं वाटलं असतं.

"हो," मी म्हणाले. "थोडक्यात वाचले. यापुढं एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका."

त्या रडायला लागल्या. मी फोन कानाला धरून बसून राहिले. दुसरा भाग मात्र सांगितला नाही. सांगितला असता, तर महिन्याभरात नळदुर्गातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा पीएसए नॉर्मल आला असता, आणि मला एकावरही विश्वास ठेवता आला नसता.