वर्कनेशच्या रविवारचा धूर

खरं सांगा. तुमच्या शेजारच्या बिऱ्हाडातून दर रविवारी उदाचा वास येतो. दार उघडंच असतं. आत एक बाई पांढरं नेसून एकटी बसलेली दिसते. तिच्यासमोर ओळीने कप मांडलेले आणि प्यायला कोणी नाही. तुम्ही काय समजाल? आणि समजल्यावर दार वाजवाल, की चपलांचा आवाज न करता पुढे सटकाल?

थांबा, उत्तर इतक्यात नको. आधी वर्कनेशचं ऐका.

वर्कनेश इथिओपियाची, गोंदर गावची. तोक्योच्या पूर्वेला, आराकावा नदीच्या बांधाजवळ आमची गल्ली आहे, तिथल्या एका जुन्या लाकडी इमारतीत वरच्या कोपऱ्याची खोली तिची. सोमवार ते शुक्रवार ती दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात वाफेत उभी असते. ती आजारी पडली तेव्हा मुकादम सुट्टी देईना, म्हणून ती माझ्याकडे आली होती. स्टेशनजवळ एका दुकानाच्या माडीवर मी बसते आणि परदेशी कामगारांची असली भांडणं भांडते. कायद्याची पुस्तकं कोणी शिकवली नाहीत, लढता लढता वाचली. तिची सुट्टी मिळवून दिली, रविवारी मंजुरीचा कागद द्यायला गेले, आणि तिने मला कॉफीला बसवून घेतलं. तेव्हापासून मी तिची ‘ताई’.

कामावरची वर्कनेश मी कागदावर पाहिली होती. शनिवार-रविवारची पाहिली तेव्हा ओळख झाली.

शनिवारी सकाळी ती भाकरीचं पीठ आंबवायला ठेवते. तिच्या गावचं धान्य इथे मिळत नाही, म्हणून तांदळाचं पीठ मिसळते आणि दर वेळी त्याला शिव्या देते. मग बांधावर जाते. खाली नदीकाठच्या मैदानावर आमच्या भागातले दुकानदार बेसबॉल खेळतात. सगळे पोट सुटलेले, टक्कल पडलेले. वर्कनेश जो संघ हरत असेल त्याच्या बाजूने ओरडते. खेळ तिला अजून नीट कळत नाही. मी एकदा विचारलं, मग बघतेस काय? म्हणाली, “चेंडू गेला की सगळे एकमेकांना सॉरी म्हणतात. ते बघते.”

संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक न्हाणीघरात. तिथे कुवाबाराआजी असते. ऐंशीच्या आसपासची, वाळलेल्या शेंगेसारखी. वर्कनेशने पहिल्याच खेपेला उकळत्या हौदात थंड पाण्याचा नळ सोडला होता. आजीने तो जाऊन बंद केला आणि म्हणाली, “आत बस, मग कळेल.” तेव्हापासून दर शनिवारी आजी तिची पाठ चोळून देते. बोलणं मात्र पाण्याचंच. आज जास्त तापलंय, आज कमी.

हे मला कोडंच वाटायचं. न्हाणीघरात पाठ चोळणारी हीच आजी रविवारी जिन्याखाली वर्कनेश दिसली की कमरेत वाकून नमस्कार करायची आणि झटकन घरात शिरायची. डोळ्याला डोळा द्यायची नाही.

रविवारी सकाळी वर्कनेश बांधावरून कोवळं गवत आणि पिवळी रानफुलं आणते आणि खोलीत जमिनीवर पसरते. तिच्या गावचा पांढरा झगा घालते, वर पांढरी ओढणी. कढईत कॉफीचे दाणे भाजते, निखाऱ्यावर ऊद टाकते, मक्याच्या लाह्या फोडते. मातीच्या लांब मानेच्या किटलीत कॉफी उकळते आणि पाटावर दहा कप मांडून भरते. पूर्वी तिच्या गावच्या मैत्रिणी यायच्या. हळूहळू कोणाला रविवारची पाळी लागली, कोणी लग्न करून लांब गेली. कप दहाच राहिले.

“कोणाला बोलवत का नाहीस?” मी विचारलं.

“ताई, कॉफीला कोणी बोलवतं का? धूर जातो ना बाहेर. वास आला की शेजारी येतात. नाही आले तर समजायचं, त्यांना यायचं नाही.”

“मग?”

“इथे धूर गेला की खिडक्या लागतात. हळूच. टीव्ही बारीक होतो. खालची पोरगी बाजा वाजवत असते, तीही थांबते. सगळ्यांना माझा धूर समजतो, ताई. माझ्याकडे यावंसं कोणालाच वाटत नाही.”

यावर मी गप्प बसणारी नव्हे, पण ती म्हणाली, “खिडक्यांचं जाऊ दे. मला अंगरखा हवाय.”

सप्टेंबरात आमच्या देवळाची जत्रा असते. गल्लीगल्लीचं मंडळ आपली पालखी काढतं. आमच्या गल्लीची एक पालखी फक्त बायका उचलतात. वर्कनेश राहायला आली त्याच आठवड्यात जत्रा होती आणि तिने खिडकीतून ते पाहिलं होतं. निळे अंगरखे घातलेल्या म्हाताऱ्या, सुना, इस्त्रीवाली, मासळीवाली, सगळ्यांच्या खांद्यांवर देव.

“आमच्याकडे देव पुरोहितांच्या डोक्यावर असतो,” ती म्हणाली. “आम्ही बायका मागून चालायचं, टाळ्या वाजवायच्या. मी लहानपणापासून मागूनच चालले. इथे बायका उचलतात, ताई.”

“पण तो तुझा देव नाही.”

“प्रार्थना मी माझ्याच देवाला करीन. वजन कोणाच्याही देवाचं उचलीन.”

ऑगस्टमध्ये मंडळ घरोघरी अंगरखे देतं. मागच्या वर्षी तिच्या दाराला अंगरखा आला नव्हता. नववर्षाला दाराला बांधायचा गवताचा दोरही नाही. तिची एक बहीण नागोयात असते, ती सारखी बोलावते. “यंदाही अंगरखा आला नाही,” वर्कनेश म्हणाली, “तर महिनाअखेरीला घरमालकाला सांगते. खोली सोडते.”

माझं डोकं फिरलं. मी असली प्रकरणं ढिगाने पाहिली आहेत. भाड्याच्या खोल्या नाकारणारे, बसमध्ये शेजारची जागा रिकामी ठेवणारे, हसून हसून दार लावणारे. पुढच्या शनिवारी दुपारी मी मंडळाचे अध्यक्ष नेगिशी यांच्याकडे गेले. त्यांचा दप्तरांच्या बकला ठोकायचा लहानसा कारखाना आहे. एका बाजूला यंत्र खडखडत होतं, दुसऱ्या बाजूला बाकावर निळ्या अंगरख्यांची चळत, आणि कुवाबाराआजी उसवलेल्या बाह्या शिवत बसलेली.

“नेगिशीसान, हे अंगरखे कोणाकोणाचे?”

“गल्लीतल्या सगळ्यांचे.”

“सगळ्यांचे म्हणजे वरच्या कोपऱ्याच्या खोलीचाही?”

त्यांनी यंत्र बंद केलं. दातांमधून हवा आत ओढली. हा आवाज मला इतक्या वर्षांत पाठ झालाय. उत्तर ‘नाही’ आहे, पण ते तोंडाने म्हणायचं नाही.

“ते जरा… म्हणजे आत्ता तिला कसं…”

“आत्ता कसं म्हणजे काय? रंग आडवा येतो की देव?”

“मोरेसान,” आजी मला म्हणाली, “आवाज.”

“माझा आवाज असाच आहे, आजी. दोन वर्षं ती बाई तुमच्या गल्लीत राहते, कचरा तुमच्यापेक्षा नीट वेगळा करते. आणि तुम्ही तिच्या खिडकीसमोर खिडक्या लावता.”

नेगिशीसान जवळ आले. मग हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही तिच्या जवळच्या. म्हणून तुम्हालाच विचारतो. कोण गेलं तिचं?”

“कुठे गेलं?”

“म्हणजे… वारलं कोण?”

आजीने सुई खाली ठेवली.

“आधी आम्हाला वाटलं, एकच असेल,” ती म्हणाली. “आई, नाहीतर बाप. सातव्या दिवशी ऊद, पुढच्या सातव्या दिवशी ऊद, बरोबर रविवारच्या रविवारी. म्हटलं, किती नेमाने करते पोरगी. सात आठवडे झाले, म्हटलं, चला, सुटली. तर आठव्या रविवारी परत ऊद. मी नेगिशींना म्हटलं, अहो, अजून कोणीतरी गेलं तिचं.”

“मग थांबेचना,” नेगिशीसान म्हणाले. “आम्हाला वाटलं, तिकडे काही साथबीथ आली असेल. घरचे एकामागून एक चाललेत.”

आता तुम्हाला सांगायला नको. आपल्यासारखंच इथेही सुतक असतं, सात आठवड्यांचं, दर सातव्या दिवशी ऊद. सुतकातल्या माणसाने देवळाच्या कमानीखालून जायचं नाही, त्याला सणाचं काही पाठवायचं नाही.

“अंगरखा घेऊन मी स्वतः जिना चढलो होतो, मागच्या वर्षी,” नेगिशीसान सांगू लागले. “रविवार होता. दार उघडं. आत बघतो तर जमिनीवर गवत आणि फुलं, पांढरं नेसलेली ती, आणि दहा कप भरलेले. माणूस कोणी नाही. मी मनात म्हटलं, दहा. दहा माणसं गेली हिची. तिथेच वाकलो आणि खाली आलो. अंगरखा पाठीमागे लपवला. म्हटलं, अशा वेळी तिला सणाचं दिसू नये.”

मी भांडायला आले होते. भांडण हातातून निसटलं की माझी चिडचिड दुप्पट होते.

“मग विचारायचं ना. तोंड होतं ना तुम्हाला? आजी, दर शनिवारी तिची पाठ चोळता.”

“चोळते. दुसरं काय करणार? गेलेल्यांचं काय विचारायचं, तेही उघड्यानागड्या माणसाला, पाण्यात बसल्यावर?”

“कॉफी आहे ती,” मी म्हटलं. “पाहुण्यांसाठी. तिच्या गावात धूर म्हणजेच बोलावणं. ते दहा कप ती तुमच्यासाठी मांडते.”

नेगिशीसानच्या मानेवरून लाली चढत कानापर्यंत गेली. आजीने अंगरखा मांडीवर पसरला, त्याची घडी घातली, परत उलगडला.

“म्हणजे ते कप आमचे,” ती म्हणाली. “मग मेलेले आम्हीच की.”

मी वर्कनेशला यातलं काहीच सांगितलं नाही. मला खात्री नव्हती. खजील झालेला जपानी माणूस महिनाभर समोर येत नाही, हे मला ठाऊक आहे. आणि महिना तर संपत आला होता.

रविवारी मी तिच्याकडे जाऊन बसले. दाणे भाजले गेले, ऊद पडला, धूर जिन्यावरून खाली उतरला. खालचा बाजा थांबला. खिडकी लागल्याचा आवाज आला. वर्कनेश माझ्याकडे बघत कप भरू लागली.

मग जिना करकरला. थांबला. परत करकरला.

दारात कुवाबाराआजी, हातात भाताच्या पापड्यांचा डबा. तिच्यामागे नेगिशीसान, काखेत पुडकं. दोघांच्या चपला दाराशी ओळीत लागेपर्यंत वर्कनेश किटली धरून तशीच उभी होती. मग तिने उरलेल्या दाण्यांची कढई पुन्हा निखाऱ्यावर धरली आणि दोघांच्या नाकाखालून फिरवली. तिच्याकडची तशी रीत आहे. आजीने डोळे मिटून धूर हातांनी डोक्यावर ओढला, देवळात ओढतात तसाच. यात कोणाचं काही चुकलं नाही.

पहिला कप संपला. लाह्या संपल्या. आजी लगेच गुडघ्यांवर हात टेकून उठली. “फार त्रास दिला. निघतो आम्ही.”

वर्कनेशचा चेहरा उतरला. “ताई, कॉफी आवडली नाही का त्यांना?”

“आवडली म्हणूनच उठतायत. इथे जास्त बसणं म्हणजे दुसऱ्याला त्रास.”

“सांग त्यांना, तीन कप असतात. तिसरा आशीर्वादाचा. त्याआधी उठलं तर माझं घर तसंच राहतं, अर्धं.”

मी सांगितलं. आजी बसली. दुसरा झाला, तिसरा आला. त्याच किटलीत तिसऱ्यांदा पाणी घातलेलं. नेगिशीसानांनी घोट घेतला आणि राहवलं नाही त्यांना. “हा पातळ आहे.”

“काका, पहिला पिण्यासाठी असतो,” वर्कनेश म्हणाली. “हा बसण्यासाठी.”

मग त्यांनी पुडकं पुढे केलं, दोन्ही हातांनी, मान खाली घालून. मागच्या वर्षीचाच अंगरखा होता, घडी न मोडलेला. वर्कनेशने तिथेच झग्यावर चढवला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या. आजीने डबा बांधून आणलेली दोरी सोडली आणि तिचं माप घ्यायला लागली.

नेगिशीसान तिच्या उंचीकडे बघत होते. “बाकीच्या सगळ्या हिच्या खांद्याएवढ्या,” ते मला म्हणाले. “दांडा हिच्याच खांद्यावर टेकेल. वजन सगळं हिला.”

“गुडघे वाकवून चालीन,” वर्कनेश म्हणाली.

आणि चालली. सप्टेंबरात सबंध गल्ली, बांध, परत देऊळ, गुडघे वाकवून. तिच्यापुढे मासळीवाली आणि मागे इस्त्रीवाली. तिचा आवाज सगळ्यांच्या वर. बेसबॉलवाले टक्कलवाले रस्त्याच्या कडेला उभे राहून तिच्या बाजूने ओरडत होते. दुसऱ्या दिवशी तिचा खांदा भाकरीएवढा सुजला होता. तो तिने कारखान्यात सगळ्यांना दाखवला, मुकादमालासुद्धा.

मी विचारलं, “खोलीचं काय ठरलं?”

“कोणती खोली?” ती म्हणाली.

माझं म्हणणं आजही तेच आहे. दोन वर्षांत कोणीतरी एक शब्द विचारायला हवा होता. आजी म्हणते, मोरेसान, तुम्हाला विचारणं सोपं वाटतं कारण तुम्हाला उत्तर आधीच माहीत असतं. यावर आम्ही अजून भांडतो, तेही वर्कनेशच्याच खोलीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या कपाच्या मध्ये.

तर कधी आराकावाच्या बांधाकडे आलात, रविवार असला आणि कुठल्या जिन्यावरून उदाचा वास आला, तर बिनधास्त वर या. दार उघडंच असतं. आणि एवढं माझं ऐका, पहिला कप संपला म्हणून उठू नका.