सोलिंगमधला दगड

"साहेब, आमचा दगड कुठं हाये?"

मी बांधकाम विभागात ज्युनिअर इंजिनिअर. भंडारा जिल्ह्यातल्या एका जुन्या कचेरीच्या आवारात उभा होतो. समोर करडीहून एसटीनं आलेल्या पार्बताबाई, हातात भाताचा डबा. कचेरी बांधताना त्यांच्या नवऱ्याचा पणजोबा भिंतीवरून पडून मेला. सोबतच्या गवंड्यांनी कडुनिंबाखाली शेंदूर लावून एक दगड मांडला. तेव्हापासून नवं धान निघालं की भाताचा पहिला घास त्या दगडाला, मग घरच्यांना.

आता तिथे खड्डा होता. कचेरी बांधणाऱ्या अज्ञात कामगारांच्या सन्मानार्थ फायबरचा पुतळा बसणार होता. त्याच आठवड्यात अनावरण. पुतळा जरा बाजूला घ्या, असं मी सांगितलं होतं. पण फाटकातून फोटो नीट येत नाही म्हणून माझ्या वरच्या साहेबांनी ऐकलं नाही. निदान दगड घरच्यांना विचारून हलवायचं ठरलं होतं.

ठेकेदारानं मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही.

"दगडच होता ना सर. सोलिंगमध्ये गेला असेल."

सोलिंग म्हणजे पायाच्या तळाशी रचलेला दगडांचा थर. वरून काँक्रीट पडलं की तो पुन्हा कुणाला दिसत नाही. माझं डोकंच फिरलं. कामगाराचा मान राखायला पुतळा, आणि त्याच्या पायात तोच कामगार गाडलेला! मिक्सर सुरू झालाच होता.

"मिक्सर बंद कर. सोलिंग उकर."

"सर, आता? अनावरण तोंडावर आलंय."

"काम नापास आहे. मी तपासल्याशिवाय काँक्रीट पडणार नाही."

त्यानं साहेबांना फोन लावून माझ्या हातात दिला.

"अहो, एका दगडापायी प्रोग्राम बुडवता? दुसरा ठेवा, शेंदूर फासा. त्या बाईला काय कळतं!"

"साहेब, बाई इथेच उभ्या आहेत. तुम्हीच सांगा." मी स्पीकर सुरू केला.

पार्बताबाई फोनवर कडाडल्या, "काहून जी, मेलेल्या मानसाले पुना गाडता? अन् त्याच्याच डोक्शावर बाहुला उभा करून फोटो काढता? लाज नाही वाटत तुमाले?"

फोन कट झाला.

खड्ड्याशी असलेल्या मजुरांनी सगळं ऐकलं होतं. मी सांगायच्या आत ते चपला काढून खाली उतरले आणि एकेक दगड काढू लागले. शेंदराचा दगड कोपऱ्यात सापडला, एका बाजूनं फुटलेला. पार्बताबाईंनी तो पदरानं पुसला, पुढे भात ठेवला आणि खड्ड्याच्या काठावर बसून हमसून रडल्या. तो ठेकेदार दिसला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

खड्डा बुजवून दगड होता तिथेच बसवला. अनावरणाला आलेल्या पाहुण्यांनी पुतळ्याविनाच मंडपात कामगारांच्या घामावर भाषण केलं आणि ते जेवून गेले. पुतळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून व्हरांड्यात पडला आहे. शासकीय कार्यक्रमात अडथळा आणल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस आली.

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगतो: सन्मानाचं काम हाती आलं, तर ड्रॉइंग नंतर उघडा. त्या जागेवर आधीपासून कोण हात जोडतं, ते अगोदर विचारा.