अण्णांनी ऐकलेलं गाणं

असले अनुभव वाचताना मी आधी पळवाट शोधते. झोप झाली नसेल, योगायोग असेल, नाहीतर सांगणाऱ्याने थोडं रंगवलं असेल. मी चाकणला एका कंपनीत डिझाइनमध्ये आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून दिवसभर लोकांशी भांडते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण दीड वर्ष झालं आणि अजून एकही पळवाट सापडलेली नाही, म्हणून लिहिते.

आमचा चार जणांचा बँड आहे, 'गुरुवार बंद' नावाचा. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, प्रॅक्टिस त्याच दिवशी, म्हणून हे नाव. मी गाते आणि गिटार वाजवते. पिंपळे गुरवला आईवडिलांसोबत राहते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी एकतीस वर्षं फोर्जिंग शॉपमध्ये काढली, लाल तापलेल्या लोखंडावर जिथे हॅमर पडतो तिथे, अगदी हॅमरच्या शेजारी. सुरुवातीला कानात कापसाचे बोळे घालायचे, तेवढंच. मी प्राथमिक शाळेत असतानाच त्यांचे कान जायला लागले. आता उजवा पूर्ण गेलाय. डाव्या कानात मशीन लावून, अगदी जवळ जाऊन ओरडलं तर काही शब्द पोचतात. त्यांना स्वतःचा आवाजही कळत नाही, म्हणून ते फार मोठ्याने बोलतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी सातवीत होते. घरी डबा विसरला होता. सेकंड शिफ्टला जाता जाता अण्णा तो घेऊन शाळेच्या गेटवर आले आणि पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "शीतल! ए शीतल!" अंगावर कंपनीचा तेलकट ड्रेस. मुली फिदीफिदी हसायला लागल्या. एकीने विचारलं, "कोण गं ते?"

मी म्हणाले, "शेजारचे काका आहेत."

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. आईला नाही, मैत्रिणींना नाही. दोन वर्षांपूर्वी चाकणच्या बसमध्ये येता-जाता त्याचं एक गाणं मात्र मनात तयार झालं. कागदावर उतरवलं नाही, फोनमध्ये टाइप केलं नाही, बाथरूममध्येसुद्धा गुणगुणले नाही. ते गायची हिंमतच नव्हती.

आता त्या संध्याकाळचं. चिंचवडला एमआयडीसीत एक जुनी वर्कशॉपची शेड आहे, मालकाने ती कार्यक्रमांसाठी मोकळी करून दिलीये. पत्र्याचं छप्पर, लोखंडी खांब, पुढे लाकडी स्टेज. शनिवार होता, पाच बँड होते, आमचा नंबर तिसरा. माझी स्कूटर गॅरेजला असल्यामुळे अण्णांनी मला त्यांच्या गाडीवरून सोडलं. मी म्हटलं, जा तुम्ही घरी, मी येईन रिक्षाने. ते म्हणाले, "बसतो जरा." माझ्या कार्यक्रमाला ते याआधी कधीच आले नव्हते. त्यांना गाण्यात रस नाही असंच मी धरून चालले होते... खरं सांगायचं तर मी कधी बोलावलंही नव्हतं.

पहिल्या बँडचा ड्रम सुरू झाल्याबरोबर त्यांच्या मशीनने शिट्टी मारली. मी समोरच होते. त्यांनी ते काढून डबीत घातलं, डबी शर्टाच्या खिशात. म्हणजे कान पूर्ण बंद.

आम्ही साडेसातच्या सुमारास चढलो. आमचं चौथं गाणं म्हणजे नुसतं वाजवणं आहे, साधारण सहा मिनिटं, त्यात शब्दच नाहीत. तेवढ्यापुरता साउंडवाला माझा माइक बंद करतो. वाजवता वाजवता माझं लक्ष प्रेक्षकांच्या मागे गेलं. अण्णा एका खांबाला तळहात टेकवून उभे होते. आणि का कुणास ठाऊक, ते बसमधलं गाणं माझ्या मनात सुरू झालं. ठेक्यावर बरोबर बसलं. मनातल्या मनात, बरं का. वाजवताना मला खालचा ओठ दातात धरायची सवय आहे, तोंड उघडलंच नाही. आमच्या ड्रमरने, ओंकारने, अजून एक फेरी घेऊ या म्हणून खूण केली, तेव्हा मी मधलं कडवं मनातच पुन्हा म्हटलं.

तेवढ्यात अण्णांनी खांबावरचा हात काढला. मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. मला वाटलं, धूळ गेली असेल.

आमचं झाल्यावर बाहेर टपरीवर चहा घेतला. अण्णा नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "चौथं गाणं चांगलं हुतं."

मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडले, "चौथ्यात गाणं नव्हतंच अण्णा! नुसतं वाजवलं!"

शब्द पोचले नाहीत म्हणून हातवारे करून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"न्हाई कसं? गायलीस की. गेटपाशी तू उभा, हातात माझा डबा... आन् पुढं ते, मी म्हणाले मैत्रिणींना, शेजारचे काका."

बसमधल्या त्या गाण्याचे शब्द, जसेच्या तसे.

"मधलं कडवं दोनदा म्हणलीस," ते म्हणाले. "पुढचं इसरलीस व्हय?"

त्यांना वाटलं, चूक पकडली म्हणून मी घाबरले, म्हणून हसले. "घरात आवजाव करतीस अन् गाण्यात मला अरेतुरे!"

मग चहा संपवला. ग्लास ठेवला आणि म्हणाले, "त्या दिवशी तू काय बोललीस ते मला कुठं ऐकू आलं हुतं? पोरी हसत्यात, एवढंच दिसलं. आज कळलं." माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ल्हान हुतीस गं. एवढी वर्षं धरून कशापायी बसलीस?"

टपरीवरची माणसं बघत होती. मी रडत होते.

दुसऱ्या दिवशी मी ओंकारकडून रेकॉर्डिंग मागवलं. तो म्हणाला, "तुझा ट्रॅक कोरा आहे राव, माइक म्यूट होता. झालंय काय?" एका मित्राने काढलेला व्हिडिओ मी दहा वेळा बघितला. मान खाली, ओठ दातात. अण्णांनी ओठ वाचले म्हणावं, तर ओठ हललेच नव्हते. शाळेतलं त्यांना आधीच कुणीतरी सांगितलं असेल असं धरलं, तरी गाण्याचे शब्द कुठून आले? आणि दोनदा म्हटलेलं कडवं?

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत ऐकणं उलट आणखी कमी झालेलं निघालं. मी आडून आडून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, लोखंडाला हात लावून ठोके जाणवतील, शब्द नाही जाणवणार.

मागच्या महिन्यात मी ते गाणं पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. घरीच, अण्णांच्या समोर बसून, त्यांना मशीन लावायला लावून, जेवढा आवाज निघेल तेवढ्या आवाजात. आई कणकेच्या हाताने येऊन दारात उभी राहिली, शेवटपर्यंत हलली नाही. गाणं संपल्यावर मी खुणेने विचारलं, आलं ऐकू?

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. "न्हाई," म्हणाले. "नुसती घरघर. त्या दिवशी मातर कसं गं सपष्ट आलं हुतं?"

ते खरंच विचारत होते, आणि उत्तरासाठी थांबले होते. मी नकारार्थी मान हलवली, आणि त्यांच्या कानातलं शिट्टी मारणारं मशीन बंद केलं, त्या संध्याकाळी होतं तसं.