एका छपराखालचं कनेक्शन

पदर कमरेला खोचला की समजायचं, मावशी आता कुणाचं ऐकणार नाहीत. "बघू की, कोण अडवतंय!" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

लातुरात मी एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचो आणि त्यांच्याच घरात वर भाड्यानं राहायचो. खालच्या चार खोल्यांत, डॉक्टर व्हायचं म्हणून खेड्यांतून आलेल्या मुली. भूकंपात गाव गेल्यावर मावशी मुलाला घेऊन इथं आल्या आणि पोळ्या लाटून हे घर उभं केलं. मुलगा शिकून पुण्याला गेला. त्याचा कॉम्प्युटर आणि ब्रॉडबँड मागं राहिलं.

तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. एक कॉम्प्युटर आणि समोर सगळ्या मुलींची रांग. नेट कॅफेत जायचं नाही, अशी घरून ताकीद. खोल्यांत तीन-चार जुने कॉम्प्युटर होते, पण त्यांना नेट नव्हतं.

एकदा मावशी वर आल्या. "सर, एका टाकीला चार तोट्या बसत्यात. मग ह्याला का न्हाई?"

"बसतात की. राऊटर आणू, खोल्यांत वायर नेऊ."

"मग बसून का राहिलाव?"

भिंतींना भोकं त्यांनी स्वतः पाडली. मी ड्रिल मागितलं तर म्हणाल्या, "तुमी शिकवा. हे माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." नेट चारही खोल्यांत पोचलं. रांगत, पण पोचलं. मग नियम निघाला: "एकीनं सिनेमा लावला तर बाकीच्यांचं पाणी तुटतंय. लावायचा न्हाई."

टेलिफोनचा लाईनमन आला, वायरी बघून म्हणाला, "मावशी, कनेक्शन एका घराला असतंय."

"मग हे काय चार घरं हायत? एकाच छपराखाली झोपताव आमी. चहा घे."

तो चहा घेऊन गेला.

चाकूरकडच्या एका मुलीचे वडील मात्र चहाला थांबणारे नव्हते. खोलीत नेट आल्याचं कळताच ते मुलीची पेटी उचलायला आले. "शिकायला ठेवली होती, बिघडायला न्हाई. चल घरी."

मुलगी रडायला लागली. मावशींनी पदर खोचला आणि दारात उभ्या राहिल्या.

"दादा, मलाबी एक लेक होती. सातवीनंतर तिला माझ्या भावाकडं, लातूरला शिकायला पाठवणार होते. गाव म्हणालं, पोरगी बिघडंल. मी ऐकलं. घरी ठेवली. भूकंपात त्याच घराखाली गेली. गावाचं ऐकलं नसतं तर आज असती. आता मी कुणाचं ऐकत न्हाई. पेटी खाली ठेवा."

मी जिन्यात उभा होतो. मावशींना लेक होती, हे मला त्या दिवशी कळलं.

वडिलांनी पेटी खाली ठेवली. आणि ते एकटेच गेले. ती मुलगी पुढं नांदेडला शिकून डॉक्टर झाली.

मावशी गेल्या तेव्हा ती पहिल्या गाडीनं आली. तिच्यासोबत खोल्यांत राहिलेल्या आणखी तिघी आल्या. तिरडी उचलायची वेळ झाली तशा चौघी पुढं सरसावल्या. गल्लीतलं कुणीतरी पुटपुटलं, "बाया कुठं खांदा देत्यात का?"

चौघींपैकी एकीनंही वळून पाहिलं नाही. मडकं घेऊन मुलगा पुढं निघाला आणि पदर, ओढण्या कमरेला खोचून चौघींनी मावशींना उचललं.