रंजीताच्या आजाराचं नाव

रंजीता बाळंत होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हाच हौसाबाईच्या ध्यानात आलं की सून बाळाकडे बघत नाही, बाळाच्या मागे कुठेतरी बघते. रात्री तिचा डोळा लागत नव्हता. जेवणाचं ताट पुढे ठेवलं की वास घेऊन बाजूला सारायची.

इंझोरीला हौसाबाई आणि दौलतरावांचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मानोऱ्याच्या बाजारात हौसाबाई स्वतः बसते. मुलगा गजेंद्र चाकणला कारखान्यात होता. रंजीताला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली, तिचं नाव प्रियदर्शनी ठेवलं.

त्या दिवशी हौसाबाई दुपारी मळ्यातून घरी आली, तर दार उघडं आणि पाळणा रिकामा. ऊन इतकं कडक होतं की गावात चिटपाखरू नव्हतं. ती तशीच मागे वळली. मळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीच्या काठावर रंजीता उभी होती, पोर छातीशी धरून, आत वाकून कोणाशी तरी बोलत.

हौसाबाईने हाक मारली नाही. सावकाश जवळ गेली.

"रंजीता, पोरीले भूक लागली असन. दे माह्याजवळ."

"आई, हे आपली नाई," रंजीता शांतपणे म्हणाली. "आपली खाली हाये. कवाची बलावून राह्यली मले."

"बरं. आधी हिले दे, मंग आपन दोघी पाहू."

रंजीताने पोर दिली. हौसाबाईने दुसऱ्या हाताने तिचं मनगट पकडलं ते घरात येईपर्यंत सोडलं नाही. दाराला कडी घातल्यावर ती दाराला पाठ लावून तिथेच खाली बसली.

दौलतराव म्हणाले, "बाहेरचं हाये हे. मेडशीकडं एक मानूस हाये, तो उतरवते."

तेव्हा हौसाबाईने या घरात कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिच्या थोरल्या बहिणीलाही बाळंतपणानंतर असंच झालं होतं. तिचंही 'बाहेरचं' म्हणून उतरवत बसले, आणि एका सकाळी तिला विहिरीतून वर काढावं लागलं. "माह्या घरात दुसऱ्यांदा नाई होऊ द्यायची मी," ती म्हणाली.

गजेंद्र रातोरात निघून आला. सकाळी गाडी करून तो, हौसाबाई आणि रंजीता बाळाला घेऊन अकोल्याला गेले. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी रंजीताशी बराच वेळ बोलून सांगितलं, "बाळंतपणानंतर काही बायांना होणारा हा आजार आहे. बरा होतो. पण आजच दाखल करा. आणि बाळाला हिच्याजवळ एकटं ठेवू नका, एक मिनिटही."

गजेंद्रच्या कारखान्याकडून घरच्यांचा विमा होता. दवाखान्यातल्या विम्याच्या टेबलावर सुकेशनी नावाची मुलगी बसायची. तिने परवानगीसाठी कागद पाठवले. संध्याकाळी विमा कंपनीचं उत्तर आलं, की मानसिक आजार या पॉलिसीत बसत नाही.

गजेंद्रने टेबलाजवळ वाकून हळूच विचारलं, "बाळंतपनाचा ताप म्हनून लिवता येत नाई का? म्हंजे पैसेही भेटतीन, अन् कारखान्यातही कोनाले कळनार नाई."

"डॉक्टर तसं लिहिणार नाहीत," सुकेशनी म्हणाली. "आणि लिहिलं तरी औषधं वेगळीच दिसतील. क्लेमही जाईल आणि पॉलिसीही. दादा, शरीराच्या आजाराला जसं विम्याचं संरक्षण, तसंच मनाच्या आजाराला द्यायचं, असा कायदा आहे. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाही म्हणता, ते त्यांच्याकडे लेखी मागा. मग त्यांच्या तक्रार विभागाकडे जा. तिथेही नाही झालं, तर विमा लोकपाल आहे. पण पेशंटला त्यासाठी थांबवू नका. बिलं जपून ठेवा, पैसे मागाहून मागता येतात."

हौसाबाईला निम्मंच कळलं. तिने विचारलं, "म्हंजे आजाराचं नाव खरंच लिवा लागते?"

"हो, मावशी. खरं असलं तरच भांडता येतं."

रंजीता दाखल झाली. पहिले काही दिवस ती सासूलाही ओळखत नव्हती. खिडकीकडे कान देऊन बसायची, मध्येच मान हलवून कोणाला तरी 'हो' म्हणायची. मग औषध लागू पडलं. एका दुपारी तिने दचकून विचारलं, "प्रियदर्शनी कुठं हाये?" हौसाबाई व्हरांड्यात जाऊन रडली.

गजेंद्रने तक्रार केली आणि महिन्या-दोन महिन्यांनी क्लेम मंजूर झाला. पण तो दाखल असतानाच्या खर्चाचा. पुढच्या तपासण्या आणि गोळ्या त्यात नव्हत्या. तो खर्च हौसाबाईने बाजारातल्या कमाईतून भागवला, एकही गोळी चुकू दिली नाही.

तीन वर्षं बरी गेली. गजेंद्रने नोकरी सोडून कारंज्याला मोटार दुरुस्तीचं दुकान टाकलं. कारखान्याचा विमा संपला, म्हणून एका एजंटाकडून नवी पॉलिसी घेतली. त्याच सुमारास रंजीताला पुन्हा दिवस गेले. दौलतराव खूश होते. हौसाबाईने पोराला विचारलं, "नव्या कागदात तिचा मागचा आजार लिवला ना?"

गजेंद्र म्हणाला, "एजंट म्हने, कायले लिवता."

हौसाबाईने सुकेशनीला फोन लावला. ती म्हणाली, "नोकरी सोडायच्या आधी विचारायला हवं होतं, मावशी. त्याच विमा कंपनीकडे स्वतःची पॉलिसी घेऊन जुनी वर्षं नव्या पॉलिसीत धरता आली असती कदाचित. आता निदान खरं कळवून टाका. लपवलेलं ऐन दाखल करताना बाहेर आलं, तर ते सगळंच नाकारतील."

गजेंद्र चिडला, पण त्याने कळवलं. उत्तर आलं. पॉलिसी चालू राहील, मात्र या आजाराच्या खर्चासाठी तीन वर्षं थांबावं लागेल. रंजीताचे दिवस तर याच पौषात भरत होते.

हौसाबाईने तिला वाशीमच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. एकदा झालेलं पुन्हा होऊ शकतं, म्हणाले. झोप उडाली की त्याच दिवशी घेऊन या, वाट पाहू नका.

परतीच्या एसटीत अनसिंग गाव मागे गेल्यावर रंजीता म्हणाली, "आई, मी चांगली हाये असं म्या म्हनलं, तरी ऐकू नका. तवाही मले तसंच वाटत होतं."

आता नववा महिना लागला आहे. रंजीता नीट जेवते, लेकीची वेणी घालते, झोपते. हौसाबाईने बाजारातली जागा शेजारच्या बेबीताईला बसायला दिली आहे आणि आपली बाज सुनेच्या खोलीत आणली आहे.

"आई, अजून काई झालं नाई," रंजीता हसून म्हणते. "जा की मळ्यात."

"हो, जातो," हौसाबाई म्हणते, आणि उठत नाही.