बुधवारचे वाडगे

बावीस वर्षांपूर्वी एका बुधवारी सूप करणारी बाई आजारी पडली, आणि माझी मावशी म्हणाली, “आजच्या दिवस मी बघते.” तो ‘आजचा दिवस’ अजून संपलेला नव्हता.

आमची लुथेरन मंडळी लहान आहे. पुनरुत्थानाच्या रविवारापूर्वीच्या उपवासकाळात दर बुधवारी संध्याकाळी आम्ही जमतो. आधी चर्चला लागून असलेल्या खोलीत सूप आणि पाव, मग सात वाजता उपासना. वेदीवर सहा मेणबत्त्या असतात. दर बुधवारी त्यांतली एक विझवायची आणि ती विझलेलीच ठेवायची, म्हणजे सहाव्या बुधवारी अंधार होतो. उपासना संपली की कुणी कुणाशी बोलायचं नाही, निरोपसुद्धा घ्यायचा नाही. गपचूप उठायचं आणि घरी जायचं. बाकी वर्षभर दारात अर्धा अर्धा तास गप्पा छाटणारी माणसं हा नियम मात्र कसोशीनं पाळतात.

मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. आठ तास उभ्यानं, वाफेत. बुधवारी ती पहाटेची पाळी मागून घ्यायची, दोनला सुटायची, भाजीची पिशवी घेऊन तीनला चर्चच्या स्वयंपाकघरात हजर. गाजरं, बटाटे, मसूर. मग खुर्च्या लावायच्या, तीसेक लोकांना वाढायचं, आणि सात वाजता सगळे उपासनेला गेले की वाडगे घासायला घ्यायचे. त्यामुळे बावीस वर्षांत तिनं बुधवारची उपासना पाहिलीच नाही. भिंतीपलीकडून ऐकली. कुठली मेणबत्ती कधी विझते हे तिला गाण्यावरून कळायचं.

तिला हे काम सोडायचं होतं. गुडघे गेले होते, साठी उलटली होती. यंदा पहिल्याच बुधवारी तिनं अध्यक्षांना गाठलं. हे निवृत्त मोजणी अधिकारी, प्रत्येक गोष्टीचा ठराव मांडतात म्हणून आम्ही त्यांना मागून ‘ठराव’ म्हणतो.

“अहो, आता माझ्याच्यानं होत नाही. घराघरांत पाळी लावून द्या.”

“मावशी, तुमच्या हाताची सर कुणाला येणार?” ठराव म्हणाले, आणि लगेच सगळ्यांना उद्देशून तिच्या आभाराचे दोन शब्द बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी रिकामं पातेलं घेऊन आत गेली.

दुसऱ्या बुधवारी तिनं पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, सांगून पाहिलं. बिचारे तरुण आहेत, तीन मंडळ्या सांभाळतात, सदा घाईत. ते म्हणाले, “तुम्ही तर आपल्या मंडळीचा कणा आहात.” त्या दिवशी तिची पाठ इतकी धरली होती की तिला हसू आलं, असं तिनंच मला नंतर सांगितलं. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की त्याला खाली उतरायची सोय राहत नाही. आणि मऊ लागलं की माणूस कोपरानं खणतो. दुसऱ्यांना कशाला बोलू, मी तिचा सख्खा भाचा, चष्म्याच्या काचा घासून पोट भरतो, आणि बावीस वर्षं मी तिच्या हातात रिकामा वाडगा देऊन, “झकास झालं होतं हं,” म्हणत उपासनेला जात होतो.

पाचव्या बुधवारी तिनं मनाशी ठरवलं, की आज उपासना संपल्यावर सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचंच; तेव्हा कुणाला उलट कौतुक तरी करता येणार नाही. घासणं बाजूला ठेवून ती ॲप्रनसकट शेवटच्या बाकावर येऊन बसली. पण तिला फार दिवसांत असं बसायला मिळालं नव्हतं. दुसरं गीत संपायच्या आत तिची हनुवटी छातीवर टेकली.

पाचवी मेणबत्ती विझली. आम्ही उठलो. एकेक जण तिच्या बाकापाशी आला, थबकला, आणि चवड्यांवर पुढे गेला. ठरावांचे बूट करकरतात, तर त्यांनी ते काढून हातात घेतले. मीही तसाच गेलो. तिला उठवावं असं वाटलं, पण बोलायचं नव्हतं ना. झोपू दे बिचारी, म्हटलं. पाळकांनी उरलेली मेणबत्ती आणि दिवा मालवला, दार हळूच लोटलं आणि ते पुढच्या मंडळीकडे गेले. अशा रीतीनं मोठ्या मायेनं आम्ही तिला अंधारात एकटी सोडून घरी आलो.

तिला जाग आली ती थंडीनं. ती चाचपडत स्वयंपाकघरात गेली आणि दिवा लावला. एकतीस वाडगे. धुतलेला एकही नाही. पण आमच्यापैकी कुणीतरी जाता जाता आत डोकावून त्यांची सुरेख चळत रचली होती, आणि चमचे एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून ठेवले होते.

तिनं ॲप्रन काढून त्या चळतीवर टाकला, किल्ली नळाला अडकवली आणि दार ओढून घेतलं.

रविवारी पाळकांनी आपल्याकडच्या किल्लीनं स्वयंपाकघर उघडलं तेव्हा आत आंबट वास सुटला होता. मावशी आली नव्हती. ठरावांनी उपसमिती नेमायचा ठराव मांडला. तो एकमतानं मंजूर झाला आणि वाडगे होते तिथेच राहिले. मला मावशीकडे पाठवलं.

ती गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती.

“लोकांना वाटतंय तू रागावलीस,” मी म्हणालो.

“रागावले नाही रे, दमलेय. तुम्हाला दोन्ही एकच वाटतं.”

“मी उठवायला हवं होतं तुला.”

“हवं होतं,” ती म्हणाली. ‘जाऊ दे’ वगैरे काही म्हणाली नाही. मला खाली बघण्यावाचून इलाज नव्हता, आणि खाली तिचे सुजलेले घोटे होते.

त्यांच्याकडे बघतच मी विचारलं, “बुधवारी येशील?”

“येईन की. जेवायला.”

मंगळवारी संध्याकाळी मी आणि ठराव वाडगे घासायला गेलो. सहा दिवसांचा वाळलेला मसूर म्हणजे सिमेंट. ठरावांनी बाह्या सरसावल्या आणि तासभर एकही सूचना मांडली नाही. बुधवारी सूपही आम्हीच केलं. गाजरं अर्धी कच्ची, मीठ तर विसरलंच. मावशी साडेसहाला आली, इस्त्री केलेला झगा घालून, हात मोकळे. टेबलाशी बसली. खोलीतले सगळे उगाच आपापल्या पावाकडे बघत राहिले. मी तिच्यापुढे वाडगा ठेवला. तिनं एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, मीठ मागून घेतलं आणि सगळं संपवलं. मग रिकामा वाडगा माझ्या हातात देत म्हणाली, “झकास झालं होतं हं.”

मला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

उपासनेत ती माझ्या शेजारी बसली, आणि या वेळी जागी होती. सहावी मेणबत्ती विझली. ती फुंकून विझवत नाहीत, वरून टोपण ठेवतात, हे तिला त्या दिवशी कळलं. अंधारात लोक एकेक करून उठून गेले. ती उठेना. मग मीही बसून राहिलो.

इतक्यात भिंतीपलीकडून नळ सोडल्याचा आवाज आला. मग वाडग्यावर वाडगा आपटला, चमचे खणखणले, काहीतरी खाली पडलं आणि ठराव स्वतःशीच काही पुटपुटले. त्या शांततेत एकेक आवाज अगदी शेजारी झाल्यासारखा येत होता.

मावशी बराच वेळ ऐकत होती. मग नियम मोडून बोलली.

“इथं एवढं ऐकू येतं?”

“हो,” मी म्हणालो.

“म्हणजे बावीस वर्षं तुम्हाला ऐकू येत होतं.”